दिवेवाल्यांची नोंद

आडनावांच्या कोशाची कचेरी म्हणजे एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरच्या कपबश्या थरथरायच्या. त्या वेळी एखादे पंडित बोलत असले तर त्यांना वाटायचं, आपल्याच बोलण्याने जमीन हादरतेय. हा गैरसमज कोणी दूर करत नसे.

त्या खोल्यांत बसणाऱ्या बाईंना सगळे जोडणीबाई म्हणत. कुठलं आडनाव कुठल्या भाषेतून आलं असेल, याचा वास त्यांना बरोबर लागायचा. पण निकाल त्या देत नसत. त्या फक्त योग्य माणसाच्या गळ्यात ते आडनाव बांधायच्या. डोंगरातल्या बोली जाणणारे एक गृहस्थ, बंदरांवरच्या भाषा जाणणारे दुसरे, दगडांवरचे जुने लेख वाचणारे तिसरे, असा सगळा गोतावळा. त्यातल्या डोंगरवाल्यांनी आणि बंदरवाल्यांनी तर कित्येक वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. दोघंही भांडायचे ते बाईंच्या मार्फत. बाई अंबाड्यात पेन्सिल खोचून दोघांचं ऐकून घ्यायच्या, त्यातल्या शिव्या गाळायच्या आणि विद्वत्ता तेवढी पलीकडे पोचवायच्या. "यापेक्षा लग्नं जुळवली असती तर बरं," त्या म्हणत, "निदान जेवायला तरी बोलावलं असतं."

कोशाचा एक नियम होता. दोन साक्षीदारांशिवाय नोंद नाही. दोघांनी आडनाव वेगवेगळं तपासायचं, आणि दोघांची मतं जुळली तरच खाली दोन सह्या होऊन ते छापायला जायचं. हा नियम घालून देणारे थोरले संपादक, म्हणजे तात्या, आता थकून घरी बसले होते. नवी आवृत्ती बाईंच्याच हातून निघायची होती.

एका दुपारी कचेरीत एक नर्स आली. कामावरून तडक आली असावी. पांढऱ्या कपड्यांना औषधाचा वास होता आणि पाय दुखत असल्यासारखी ती खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली होती.

"आमचं आडनाव तुमच्या कोशात आहे," असं म्हणून तिने ते आडनाव सांगितलं.

अंबाड्याकडे गेलेला बाईंचा हात तिथेच राहिला. एवढ्या जाड कोशात खोटं आडनाव एकच होतं, आणि ते हेच होतं.

कोशवाल्यांची ही एक जुनी खोड. वर्षानुवर्षं राबून आपण कोश करायचा आणि कोणीतरी आयतोबाने तो उचलून आपल्या नावावर छापायचा, हे व्हायचंच. म्हणून कुठेतरी एक नोंद निव्वळ रचलेली टाकायची. चोराने ती उचलली की चोर सापडलाच म्हणून समजा. तात्यांनीही तसा सापळा लावला होता. आडनाव रचलं, आणि त्याचं मूळही रचलं: 'नदीच्या उतारावर रात्री दिवा धरून वाटसरूंना पलीकडे नेणारं घराणं. एकच गाव. मोठ्या पुरात गाव आणि घराणं, दोन्ही गेली.' गावच बुडवून टाकलं म्हणजे तपासायला जाणार कोण! सापळ्यात एक बडा प्रकाशक सापडलाही. तेव्हा तात्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले होते. ही गोष्ट तात्यांना ठाऊक होती आणि बाईंना. तिसरा तो प्रकाशक, आणि तो कशाला तोंड उघडतोय!

आणि आता त्या बुडालेल्या घराण्यातली लेक समोर बसून पाणी मागत होती.

"बाबांचं आता काही खरं नाही," पाणी पिऊन ती म्हणाली. "मी स्वतः नर्स आहे, मला कोण फसवणार? त्यांना एकदा तो उतार बघायचाय, जिथे आमची माणसं दिवा धरून उभी राहायची. लहानपणापासून आम्हाला सांगत आलेत. गाडीचं मी बघते. तुम्ही फक्त जागा कुठली ते सांगा."

"प्रवास झेपेल त्यांना?"

"नाही झेपणार." तिने नजर खाली नेली. "वाटेतच काहीतरी होईल, हे मलाही कळतंय. पण या माणसाने जन्मात हट्ट म्हणून केला नाही हो. आता एकच केलाय. नाही कुठल्या तोंडाने म्हणू?"

"चौकशी करून कळवते," बाई म्हणाल्या.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगून टाकलं? जीभ रेटली नाही, दुसरं काय. शिवाय बाईंच्या मनात एक वेडी आशाही होती. तात्यांनी हवेत बाण सोडला आणि तो खरोखरच कुठल्यातरी घराण्याला जाऊन लागला, असं झालं असलं तर? जगात आडनावं काय थोडी आहेत! म्हणून त्यांनी रीतीप्रमाणे ते आडनाव आपल्या मंडळींकडे फिरवलं. हे कोणाचं, कुठलं, या नावाचं जिवंत माणूस कोणी पाहिलंय का, एवढंच विचारलं.

उत्तरं धडाधड आली. डोंगरवाल्यांनी त्याचं मूळ मशालीसाठीच्या एका जुन्या डोंगरी शब्दात दाखवलं. बंदरवाले म्हणाले, छे, हे तर खलाशांचं. पण नाव प्राचीन, यात वाद नाही. दगडवाल्यांना कुठल्याशा झिजलेल्या शिळेवर ते अर्धवट वाचल्याचंही आठवायला लागलं. न जन्मलेल्या पोराचं नाक कोणावर गेलंय, यावर सगळे रंगात येऊन बोलत होते. आणि कधी नव्हे ते डोंगरवाले आणि बंदरवाले एकमेकांशी थेट बोलले. 'नाव प्राचीन आहे यावर आमचं एकमत आहे,' असं दोघांनी मिळून कळवलं. एरवी बाईंनी पेढे वाटले असते. आज त्या रडायच्या बेतात होत्या.

कारण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांचं एकच होतं. जिवंत माणूस? नाही बुवा, कधी भेटला नाही.

म्हणजे सगळ्या जगात त्या आडनावाचं घर एकच. त्या घराने ते नाव या कोशातूनच उचललं असणार. का, ते देव जाणे. तेवढ्यात नर्सचा फोन आला. गाडी ठरली होती, रविवारी पहाटे निघायचं होतं. बाबांनी आठवड्यात पहिल्यांदा दोन घास नीट खाल्ले होते.

"कुठल्या दिशेला जायचं, तेवढं आज सांगाल ना?" ती म्हणाली.

बाई उठल्या त्या थेट तात्यांकडे गेल्या.

तात्या धाकट्या बहिणीकडे राहत. डोळे जवळजवळ गेले होते. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. बाईंची चाहूल लागताच ते खुशीत आले. "काय, कोण सापडलं सापळ्यात?"

"एक म्हातारा सापडलाय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं.

तात्यांचं हसू विरत विरत गेलं. बराच वेळ ते काठीची मूठ चोळत राहिले. मग म्हणाले, "नदीला काय, उतार ठिकठिकाणी असतात. जवळचा एखादा दाखव. समाधानाने जाईल बिचारा."

"तात्या!"

"अगं, मरणाऱ्या माणसाला खरं सांगून कोणाचं भलं होणार आहे?"

"आणि खोट्या जागी जाताना वाटेत गेले तर? त्या पोरीच्या मांडीवर? तिने जन्मभर काय समजायचं?" बाईंचा आवाज चढला. तात्यांपुढे तो कधी चढला नव्हता. "दोन साक्षीदारांशिवाय एक अक्षर छापायचं नाही, हे मला तुम्ही शिकवलंत. त्या नोंदीखालचा दुसरा साक्षीदार कोण होता हो?"

दुसरी सहीही तात्यांनीच ठोकली होती, डाव्या हाताने.

आतल्या खोलीतून बहिणीने विचारलं, "चहा टाकू का रे?"

"नको," तात्या म्हणाले. "माझा कोट दे. बाहेर जायचंय."

शिंपी होते नर्सचे बाबा. शिंपीकाकांची इमारत जुनी होती आणि तिच्या जिन्याला खिडकी नव्हती. दिव्यावाचून भर दुपारीही तिथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये. खाली भाजी निवडत बसलेल्या एका बाईला जोडणीबाईंनी घर विचारलं, तर ती म्हणाली, "दिवेवाल्यांकडे का? मग उजेड दिसेल तसे चढत जा."

"दिवेवाले कशाने?" तात्यांनी विचारलं. सवय जाते थोडीच!

"अहो, तो वरचा दिवा त्यांचा ना. दिवस नाही, रात्र नाही, सारखा चालू. त्यांच्या दाराशी आहे, पण उजेड पार खालपर्यंत येतो. माझी सासू याच उजेडात चढायची, आता माझी पोरं चढतात. वीज गेली की काका कंदील टांगायचे."

तात्या पुढे काही विचारायचे थांबले. बाईंच्या खांद्यावर हात ठेवून ते एकेक पायरी चढू लागले. भिंतीवर हाताच्या उंचीला रंग उडाला होता, पण वरच्या उजेडात पायरी कुठे तुटलीय ते स्वच्छ दिसत होतं.

पुढच्याच खोलीत शिंपीकाका खाटेवर उशांना टेकून बसले होते. खिडकीपाशी शिलाई मशीन चादरीने झाकलेलं होतं. कोपऱ्यात प्रवासाची पिशवी भरून तयार होती, तिच्यावर घडी केलेली शाल. काकांची काडी झाली होती, नजर मात्र शिंप्याचीच होती. त्यांनी आधी तात्यांच्या कोटाकडेच पाहिलं.

"तुमचा डावा खांदा उतरलाय. शिवणाऱ्याने सांभाळून घ्यायला हवं होतं," ते म्हणाले. मग ओशाळून हसले. "बसा, बसा. तुम्ही कोशवाले. वाट दाखवायला स्वतः आलात, केवढे उपकार."

"मी एक सांगायला..." तात्यांनी सुरुवात केली.

"आधी माझं ऐका," काका म्हणाले. "पोरीलाही हे ठाऊक नाही. तिच्यासमोर एकदाच सांगून टाकतो."

नर्स औषधाची बाटली हातात धरून दाराशीच थांबली.

"मी अनाथाश्रमात वाढलो. कोणी ठेवलं, कधी ठेवलं, काही पत्ता नाही. बाहेर पडायची वेळ आली तेव्हा तिथला कारकून म्हणाला, आडनाव आण, मग कागद देतो. आता आडनाव काय बाजारात मिळतं? मी वाचनालयात गेलो आणि तुमचा कोश उघडला. पानंच्या पानं वाचली हो. प्रत्येक आडनावाला मालक होता. कुठलंही घेतलं असतं, तरी उद्या कोणीतरी दारात उभं राहून विचारलं असतं, काय रे, तू आमच्यातला कोण? एवढं एकच असं सापडलं, की विचारायला कोणी उरलं नव्हतं." त्यांना धाप लागली. लेक पुढे आली, तिला त्यांनी हातानेच थांबवलं. "आधी चोरी केल्यासारखं वाटायचं. मग वाटलं, बिचाऱ्यांचं नाव तरी चालू राहील. संसार झाला, ही झाली, आणि कधी ती माझीच माणसं होऊन बसली कळलंसुद्धा नाही. कुठेही पूर आल्याचं ऐकलं की माझा डोळ्याला डोळा लागायचा नाही. म्हणून एकदा तिथे जायचंय. सांगायचंय, तुमचं नाव घेतलं, विचारायचं राहिलं. पण दिवा विझू दिला नाही."

लेकीच्या हातातली बाटली तशीच होती. "बाबा," एवढंच ती म्हणाली.

बाईंना त्या क्षणी वाटलं, तात्यांनी बोलू नये. खुशाल खोटं बोलावं, दाखवावा एखादा उतार. पण तात्या काठीवर भार देऊन उभे राहिले. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं.

"तो उतार नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हता. गावही नव्हतं. कोशाची चोरी पकडायला मी एक खोटी नोंद घातली होती, ती हीच. ते नाव मी रचलं. ती माणसंही मीच रचली."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. "पण खाली दोन सह्या होत्या."

"दोन्ही माझ्याच."

"म्हणजे पुरात कोणी बुडालं नाही?"

"नाही."

"पोरंबाळं?"

"कोणीच नाही."

एखाद्याला वाटावं, ही तर चांगली बातमी झाली. काकांनाही क्षणभर तसं वाटलं असावं. त्यांचा चेहरा सैल पडला. मग तो हळूहळू वेडावाकडा होत गेला. "मी रडलोय हो त्यांच्यासाठी," ते म्हणाले. "बायको गेली तेव्हासुद्धा वाटलं, ती तिकडे एकटी नाही, आपली माणसं आहेत. कोणासाठी रडलो मी? कोणाकडे पाठवलं तिला?"

तात्या एक पाऊल खाटेकडे सरकले.

"सापळा म्हणे! उंदरासाठी लावलात आणि माणूस अडकवलंत." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "जा तुम्ही. पोरी, तो जिन्यातला दिवा घालव."

"बाबा, असं काय करता?"

"घालव म्हटलं ना! कोणाचा दिवा नि कसलं काय."

बटण दाराच्या आतल्या बाजूला होतं. दोघं उंबऱ्याबाहेर पडले, नर्सने डोळे पुसत बटण दाबलं, आणि तिच्या जन्मात पहिल्यांदा तो जिना काळाठिक्कर झाला.

तात्यांना अंधाराचं नवल नव्हतं. बाईंना मात्र तुटकी पायरी कुठे होती ते आठवेना. एका हाताने भिंत चाचपत, दुसऱ्या हाताने तात्यांचं मनगट धरून त्या उतरू लागल्या. काही पायऱ्या गेल्या असतील, तात्यांची काठी निसटली आणि खडखडत, आपटत खाली गेली. तो आवाज पार वरपर्यंत घुमला.

वर दार उघडंच होतं. काकांचा आवाज आला. धाप लागलेला, पण करडा.

"अगं, लाव तो दिवा! माणसं उतरतायत जिन्यात."

उजेड आला. बाईंना पायरी दिसली, खाली वळणावर पडलेली काठी दिसली. तात्यांनी मान वर केली. तेवढं त्यांनाही कळलं. ते तिथेच पायरीवर बसले आणि रुमाल काढून त्यांनी बराच वेळ तोंड पुसलं.

"बाई," ते म्हणाले, "नव्या आवृत्तीतून ती नोंद काढायची, असं मी येताना ठरवलं होतं."

"आणि आता?"

"आता ती खोटी कुठे राहिली?" ते वरच्या उजेडाकडे तोंड करून म्हणाले. "घराणं आहे, दिवा आहे, आणि मूळपुरुष वर खाटेवर बसलाय. खालची बाईसुद्धा त्यांना दिव्यावरूनच ओळखते. मी साक्षीदार. पण दुसरा खरा हवा या खेपेला."

"मी आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, आणि मग तशीच हातात धरून ठेवली. "पण तात्या, त्यांना विचारायला हवं. त्यांचं नाव आहे ते."

तात्यांनी मान हलवली. काठी आणायला बाई खाली गेल्या, तोवर ते भिंतीला धरून उलट वर चढायलाही लागले होते.

दारात नर्स उभी होती. तिने काही न बोलता वाट दिली. काकांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. "आता काय राहिलं?" त्यांनी विचारलं.

"विचारायचं राहिलं," तात्या म्हणाले. चढून त्यांचा श्वास फुलला होता. "तुमचं नाव कोशात घालायचंय. दिवा धरणारं घराणं म्हणून. तुमच्यापासून सुरू झालेलं. घालू का?"

खाली छोटी पोरं शाळेतून आली असावीत. त्यांचे पाय धावत जिना चढत होते, एकही न अडखळता. काका ते पाय वाजायचे थांबेपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी हळूच मान वळवली आणि लेकीला म्हणाले, "त्यांना बसायला दे. दोनदा चढलेत."

नर्सने खुर्ची पुढे सरकवली. तात्या बसले नाहीत. ते उत्तराची वाट पाहत उभेच होते.

"घाला," शिंपीकाका म्हणाले. "पण तो पूर तेवढा काढून टाका."